नेसती वस्त्रे आणि नावाची भांडी : दांपत्यवियोगानंतरच्या वस्तुविभागणीचा भाषिक व वाङ्मयीन विचार

'संसार' हा शब्द मराठीने संस्कृतातून घेतला, परंतु घेतल्यावर त्याचा अर्थ जसाच्या तसा ठेवला नाही. जन्ममरणाचा फेरा हा त्याचा मूळचा तात्त्विक अर्थ; तो संतवाङ्मयात शाबूत आहे. त्याच्याशेजारी 'प्रपंच, गृहस्थाश्रम' हा दुसरा अर्थ रूढ झाला आणि त्यातून एक तिसरा, पूर्णपणे घरगुती अर्थ निघाला. पूर आल्यावर 'संसार वाहून जातो', घर रिकामे करावे लागल्यावर 'संसार रस्त्यावर येतो', लहान मुलीला भातुकलीसाठी 'छोटासा संसार' आणून देतात. या ठिकाणी संसार म्हणजे पातेली, पळ्या, परात, पाटा-वरवंटा, बिछाने, ट्रंका. विवाहसंबंध आणि त्या संबंधाचे साहित्य यांना एकच शब्द असणे ही बाब वरवर पाहता गमतीची वाटते. तथापि संसार 'मोडतो' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्या क्रियापदाचा विषय नेमका कोणता, हा प्रश्न गमतीचा राहत नाही. संबंध मोडल्यावर साहित्य शिल्लक असते. ते कोणाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे भाषाव्यवहार, कागदपत्रे आणि साहित्य या तीन अंगांनी पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथमतः शब्दसंपत्तीकडे वळले पाहिजे. विभागणीविषयीची मराठीची शब्दसंपत्ती अतिशय समृद्ध आहे. वाटणी, वाटप, हिस्सा, वाटेहिस्से, वाटणीपत्र, विभक्त होणे, चूल वेगळी करणे, तोंडे फिरणे, भिंत घालणे — या साऱ्या शब्दांमागे शेकडो वर्षांचा व्यवहार उभा आहे. परंतु हे सारे शब्द भावाभावांचे आहेत. 'ते वेगळे झाले' या वाक्याचा कर्ता कालपरवापर्यंत निरपवादपणे भाऊ किंवा बाप-लेक असे. दांपत्याच्या संदर्भात ते वाक्य अगदी अलीकडचे आणि शहरी आहे. भावाभावांची वाटणी पंचांसमोर होते, तीत तराजू येतो, तपेल्याला तपेले लावले जाते, विषम राहिलेल्या एका घंगाळासाठी चिठ्ठ्या टाकल्या जातात. नवराबायकोच्या वाटणीला मात्र जुन्या मराठीत नाव नाही. याचा अर्थ नवराबायको वेगळी होत नसत असा नव्हे. वेगळे होताना 'वाटण्यासारखे' काही आहे, हेच गृहीत धरले जात नसे.

वियोगाचे शब्द तपासले तर हे अधिक स्पष्ट होते. ज्या जातींत पाटाची रीत होती, तेथे काडीमोड आणि सोडचिठ्ठी होती. काडी मोडणे ही खूण, तर चिठ्ठी हा लेख. दोहोंचा उद्देश स्त्रीला पुन्हा पाट लावण्यास मोकळे करणे हा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने कलम २९ अन्वये अशा रूढिसिद्ध काडीमोडीस बाध आणला नाही, हे अनेकदा विसरले जाते. 'फारखती' अथवा 'फारकत' हा शब्द फारसी दप्तराच्या वाटेने आला. देणेघेणे फिटल्याचा कागद हा त्याचा व्यापारी अर्थ आणि नवराबायकोचा संबंध सुटल्याचा कागद हा सामाजिक अर्थ. या एकाच शब्दात हिशेबाची सूचना आहे, परंतु तो हिशेब वस्तूंच्या वाटणीचा नसून एकमेकांवरील हक्क संपल्याचा आहे. आज सर्वत्र रूढ असलेला 'घटस्फोट' हा शब्द तर आणखी दूरून आला. धर्मशास्त्रात घटस्फोट हा पतिताला वाळीत टाकण्याचा विधी. जिवंत माणसाला मृत मानून त्याच्या नावाने पाण्याचा घट उपडा करावयाचा आणि त्याच्याशी भाषण, सहभोजन व दायविभागासुद्धा सर्व व्यवहार तोडावयाचे, असे त्याचे स्वरूप. विवाहविच्छेदासाठी मराठीने हाच शब्द का उचलला असावा, याचा तर्क करता येतो. उच्चवर्णीय समाजाला दांपत्यातील विच्छेदाचा स्वतःचा शब्द नव्हता, बहिष्काराचा होता. घरातले एक भांडे फुटते आणि वाट्याला काहीच न येणारी व्यक्ती बाहेर जाते, हा त्या शब्दाचा गाभा नव्या अर्थातही टिकून राहिला, हे नाकारता येणार नाही.

क्रियापदांकडेही लक्ष दिले पाहिजे. पतीने पत्नीला 'टाकले' असे मराठी म्हणते. तिला 'टाकलेली' म्हणते. 'परित्यक्ता' हा त्याचाच सोवळा पर्याय. वस्तू टाकतात, त्याच क्रियापदाने येथे माणूस टाकला जातो आणि जी स्वतःच वस्तूच्या जागी गेली, तिच्या वस्तूंचा प्रश्न वाक्यरचनेतच मावत नाही. मावतो तो एका वाक्प्रचारात : 'नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडणे'. आग लागली, दरोडा पडला अथवा फाळणीसारखा अनर्थ कोसळला, तर पुरुषही नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडतो. स्त्रीच्या बाबतीत मात्र त्यासाठी अनर्थाची गरज लागत नाही. हा वाक्प्रचार जेव्हा कौतुकाने वापरला जातो, 'स्वाभिमानी हो, नेसत्या वस्त्रानिशी निघाली', तेव्हा तर सोडून दिलेल्या वस्तू हेच तिच्या शीलाचे प्रमाण ठरते. जिने आपली शिलाई मशीन मागितली ती जरा कमी स्वाभिमानी, असा त्यातला अनुच्चारित निर्णय आहे.

धर्मशास्त्राने या प्रश्नाचा विचारच केला नव्हता, अशी समजूत अभ्यासकांतही आढळते. ती बरोबर नाही. स्त्रीधनाची चर्चा मनुस्मृतीपासून निबंधग्रंथांपर्यंत सतत चालू आहे. याज्ञवल्क्याने आई, बाप, पती व भाऊ यांनी दिलेले, विवाहाग्नीसमोर मिळालेले आणि पतीने दुसरी बायको करताना पहिलीला द्यावयाचे 'आधिवेदनिक' धन यांचा स्त्रीधनात समावेश केला आहे. दुष्काळ, धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन परत करण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असेही त्याच स्मृतीत सांगितले आहे. म्हणजे इतर प्रसंगी ते आहे, असा अर्थ होतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे नीलकंठ भट्टाचा 'व्यवहारमयूख'. मूळ पैठणच्या आणि काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातील हा सतराव्या शतकातील निबंधकार पारिभाषिक आणि अपारिभाषिक असे स्त्रीधनाचे दोन भाग करतो. मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरातेत इंग्रजी अमदानीतील न्यायालये या ग्रंथाला विशेष मान देत. या संपूर्ण चर्चेत एक उणीव आहे, आणि ती आजच्या खटल्यांपर्यंत पोहोचते. कात्यायनाच्या मते स्त्रीने शिल्पाने, म्हणजे स्वतःच्या हातच्या कसबाने, मिळविलेल्या धनावर पतीचे स्वामित्व असते. मिळालेले तिचे, कमावलेले त्याचे. भेट ही तिची मालमत्ता होऊ शकते, श्रम होऊ शकत नाहीत.

शास्त्राचा हा ठेवा लोकव्यवहारात कोणत्या रूपाने उतरला, हे पाहण्यास दोन प्रकारचे लेख उपयोगी पडतात. दोन्हींकडे मराठीच्या अभ्यासकांनी वाङ्मयप्रकार म्हणून फारसे पाहिलेले नाही.

पहिला लेख म्हणजे यादी. लग्न ठरताना 'याद्या' होतात. कागदाच्या डोक्यावर 'श्री' आणि देवतेचे स्मरण, त्याखाली मानपान, सोने, भांडी, खर्च कोणाकडे याची नोंद, शेवटी वडीलधाऱ्यांच्या सह्या. या गद्यात क्रियापद बहुधा नसते. असते ते संख्येचे, वजनाचे आणि धातूचे नाव. पाटल्या, तोडे, गोठ, बोरमाळ, ठुशी, नथ. किती तोळे, किती नग. ज्या कुटुंबांत पत्रव्यवहार कधी झाला नाही, त्यांच्या घरीही हा कागद सापडतो. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यात १९८४ साली सुधारणा झाल्यानंतर १९८५ मध्ये जे नियम आले, त्यांनी या जुन्या प्रघाताला एक नवे, सरकारी भावंड दिले : वधूवरांना मिळालेल्या भेटींची लेखी यादी, वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते, आणि दोघांच्या सह्या. जुनी यादी देणे ठरविण्यासाठी होती. नवी यादी, उच्चारले नाही तरी, परत मागण्यासाठी आहे. साहजिकच ती मंगलप्रसंगी कोणी करीत नाही. तसे सुचविणे अभद्र मानले जाते.

दुसरा लेख धातूवरचा आहे. भांड्यांवर नावे घालणे ही महाराष्ट्रातील घराघरांतील रीत. पितळ-तांब्याच्या काळात ठोक्याने, स्टीलच्या काळात दुकानातल्या कंप पावणाऱ्या यंत्राने, बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव आणि तारीख कोरली जाते. 'चि. सौ. कां.' या संक्षेपांपासून 'सप्रेम भेट' या समाप्तीपर्यंत तिची ठरलेली संहिता आहे. शेजारी देवाणघेवाणीत किंवा कार्यात भांडी बदलू नयेत, हा तिचा व्यावहारिक हेतू. परंतु मालकीचा पुरावा म्हणून पाहिल्यास या संहितेत एक पेच आहे. लग्नात अनेकदा वधूचे नाव बदलते, आडनाव तर बहुतेक बदलते. माहेरच्यांनी दिलेल्या हंड्यावर ते बापाच्या घरचे नाव घालीत नाहीत, नवे नाव घालतात. म्हणजे आईने दिलेला हंडा मुलीच्या अशा नावाने अंकित होतो, जे नाव तिला पतीने दिले. विच्छेदानंतर ती माहेरचे नाव पुन्हा लावते. मग हंड्यावरचे नाव कोणाचे? सासर म्हणते, आडनाव आमचे. तिच्याजवळ त्या नावाची व्यक्ती आपणच होतो एवढाच युक्तिवाद उरतो. पाच अक्षरांच्या या कोरीव लेखात स्त्रीच्या दुहेरी नावाचा सारा प्रश्न साठलेला आहे.

कायद्याची स्थिती येथे थोडक्यात नोंदविणे आवश्यक आहे, कारण गैरसमज पुष्कळ आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ नुसार विवाहाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि उभयतांच्या संयुक्त मालकीच्या असू शकतील अशा वस्तूंबाबत न्यायालय हुकूमनाम्यात योग्य ती तरतूद करू शकते. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने विवाहापूर्वी अथवा नंतर दिलेल्या, परंतु विवाहाशी संबंधित असलेल्या वस्तूही या कलमात येतात, असा अर्थ लावला. केवळ पत्नीच्या मालकीच्या वस्तूंसाठी हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ आहे. १९५६ पासून हिंदू स्त्री आपल्या ताब्यातील मालमत्तेची पूर्ण धनी मानली जाते. तथापि ताबा हाच खरा प्रश्न. घरातून बाहेर पडलेली स्त्री आणि आत राहिलेल्या वस्तू यांच्यामधील दार कोण उघडणार? प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या १९८५ च्या निर्णयाने त्याचे उत्तर दिले. सासरी पाऊल ठेवताच स्त्रीधन सामाईक होते, हे मत सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले; पती किंवा सासरची मंडळी त्या वस्तू विश्वासाने सांभाळणारी असतात आणि मागितल्यावर न दिल्यास तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, असे ठरले. १९८४ च्या कायद्यानुसार कौटुंबिक न्यायालये स्थापन झाल्यावर दांपत्याच्या मालमत्तेचे वाद एकाच ठिकाणी ऐकण्याची सोय झाली, आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दंडाधिकाऱ्यास स्त्रीधन परत करविण्याचा अधिकार दिला. मुस्लिम स्त्रियांबाबत १९८६ च्या कायद्यात विवाहापूर्वी, विवाहसमयी व नंतर मिळालेल्या वस्तूंवरील घटस्फोटितेचा हक्क स्वतंत्रपणे नमूद आहे.

या सर्व तरतुदींचा रोख एकच आहे : दिलेले परत करा. संसार चालू असताना दोघांनी उभे केलेले कसे वाटावे, याविषयी हिंदू कायदा बहुतांशी मुका आहे. घर, कपाट, फ्रीज, पलंग यांची पावती ज्याच्या नावे, वस्तू त्याची. पावती बहुधा पगार आणणाऱ्याच्या नावे असते. विवाहानंतर मिळविलेल्या मालमत्तेत पत्नीस वाटा देण्याची तरतूद असलेले विधेयक २०१३ साली राज्यसभेत संमत झाले. लोकसभेत ते संमत न होताच २०१४ मध्ये तिची मुदत संपली आणि विधेयक व्यपगत झाले.

न्यायालयात दाखल होणारी 'सामानाची यादी' ही म्हणून अर्धीच असते. तीत नसलेल्या गोष्टींची दखल साहित्याच्या अभ्यासकाने तरी घेतली पाहिजे. गोधडीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. तीत बाईचे जुने लुगडे, पुरुषाचे धोतर आणि मुलांचे विटलेले कपडे एकत्र शिवलेले असतात. टाके तिचे, कापड सर्वांचे. धातूसारखी ती वितळवून वाटता येत नाही आणि किंमत शून्य असल्याने ती कोणी यादीत घालीत नाही. दुसरे उदाहरण देवघरातले. माहेरहून वधू अन्नपूर्णा आणते. ती सासरच्या देवांत बसते, तिची रोज पूजा होते, आणि सून गेली तरी ती बहुधा तेथेच राहते. देव परत मागणे हे सोने परत मागण्याहून अवघड. तिसरी गोष्ट दिसणारीच नव्हे : काटकसर. घरखर्चातून उरवलेल्या, भिशीत घातलेल्या, पापड लाटून किंवा शिवण करून जमविलेल्या पैशांतून घरात जे येते, त्याची पावती नसते आणि आठवण फक्त एकीला असते. कात्यायनाचा नियम कायद्यातून केव्हाच गेला. पुराव्याच्या रूपाने तो राहिला आहे.

मराठी भाषकांचा एक समूह मात्र वेगळ्या व्यवस्थेत राहतो. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही तिचा कौटुंबिक भाग धर्मनिरपेक्षपणे चालू ठेवण्यात आला. विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर तेथे पतिपत्नींची मालमत्ता एकत्र येते आणि उभयता निम्म्या निम्म्या हिश्श्याचे धनी होतात. विच्छेदानंतर 'इन्व्हेंटरी' होते : वस्तूंची नोंद, मूल्य, प्रसंगी पक्षकारांनी आपसांत बोली लावून एखादी वस्तू घेणे. वारसा व इन्व्हेंटरी यांसंबंधीचे नियम २०१२ च्या गोवा अधिनियमाने नव्याने संहिताबद्ध केले. भावाभावांच्या वाटणीत जो तराजू असतो, तो येथे दांपत्यासमोर ठेवलेला आहे. या संहितेने सामाईक मालमत्तेतून जे वगळले, त्यात उभयतांची अंगावर वापरावयाची वस्त्रे आहेत. महाराष्ट्रात नेसती वस्त्रे हे स्त्रीला मिळणारे सर्वस्व. गोव्यात ती वाटणीपूर्वीच बाजूला काढावयाची क्षुल्लक बाब. दोन व्यवस्थांमधील अंतर यापेक्षा नेमकेपणाने सांगता येणार नाही. अर्थात कागदावरील निम्मा हिस्सा प्रत्यक्ष हाती पडण्यास तेथेही वर्षे लागतात, आणि मालमत्तेच्या व्यवस्थापनाचा अधिकार त्या संहितेने पतीकडेच ठेवला होता, हेही सांगितले पाहिजे.

आता साहित्याकडे. मराठी ललित साहित्यात वाटणीचे प्रसंग विपुल आहेत, परंतु ते एकत्र कुटुंबाचे. महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात घराण्याचे दागिने हे जणू एक पात्रच आहे. पण त्यांच्यावरील दाव्याची रेषा भावंडांमधून जाते. 'हिंदोळ्यावर' (१९३४) या कादंबरीत विभावरी शिरूरकरांनी पतीपासून दूर राहणाऱ्या अचलेचे भावविश्व निर्भयपणे मांडले. त्या काळी चर्चा झाली ती तिच्या प्रेमाची, तिच्या घरातल्या सामानाची नव्हे, आणि त्यात आश्चर्य नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त बिऱ्हाड मांडणे आणि मोडणे हा आवर्ती प्रसंग आहे. १८९५ साली ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि पुढील काही वर्षे लक्ष्मीबाईंना नातलगांच्या आधाराने काढावी लागली. तेथे वाटणी हा प्रश्नच उद्भवत नाही. उद्भवतो तो आश्रयाचा. रखमाबाईंच्या गाजलेल्या खटल्यात तर वस्तू अगदी उलट दिशेने गेल्या. पतीबरोबर एक दिवसही न नांदलेल्या या स्त्रीने १८८८ च्या तडजोडीत त्याला दोन हजार रुपये द्यावयाचे मान्य केले. सुटकेची किंमत तिने मोजली.

या पार्श्वभूमीवर इब्सेनच्या 'डॉल्स हाउस' (१८७९) या नाटकाचा शेवट पुन्हा वाचण्यासारखा आहे. अनंत काणेकरांचे 'घरकुल' हे त्याचे रूपांतर आणि रांगणेकरांच्या 'कुलवधू' (१९४२) मागेही त्याचीच प्रेरणा; म्हणजे मराठी रंगभूमीला नोरा चांगली परिचित आहे. समीक्षेत दाराचा तो आवाज सर्वांनी ऐकला. दार लागण्यापूर्वी नोरा काय करते, इकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ती अंगठी परत देते आणि आपली मागून घेते. किल्ल्या ठेवते. माहेरहून आणलेल्या वस्तू बांधायला दुसऱ्या दिवशी मैत्रीण येईल, असे पतीला सांगते; त्याच्याकडून मात्र काही घेण्यास नकार देते. म्हणजे नोरा नेसत्या वस्त्रानिशी जात नाही. ती यादी करून जाते. तिच्या स्वाभिमानाला सामान नेण्याने बाध येत नाही, आणि हा बारकावा मराठीतील 'स्वाभिमानी' नायिकेच्या कल्पनेशी ताडून पाहण्याजोगा आहे. तरीही नोराच्या यादीतही एक जागा रिकामी आहे. रात्र रात्र जागून लेखनिकाचे काम करून तिने जे पैसे गुपचूप कर्जफेडीत घातले, त्यांचा उल्लेख त्या अखेरच्या हिशेबात वस्तू म्हणून येत नाही. ते पतीच्या आरोग्यात केव्हाच खर्च झाले होते.

१९८० नंतरच्या दशकात महाराष्ट्रात परित्यक्तांच्या प्रश्नावर संघटित चळवळ उभी राहिली. संगमनेर हे तिचे एक महत्त्वाचे केंद्र. त्याच सुमारास शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती' कार्यक्रमात शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन करून देण्यास प्रारंभ केला. या चळवळींतील निवेदने, अर्ज आणि मनोगते यांतील भाषा अद्याप अभ्यासकांची वाट पाहत आहे. तीत 'टाकलेली' या कर्मणी रूपाऐवजी 'मी', 'माझे', 'आमचे दोघांचे' ही सर्वनामे केव्हा आणि कशी येऊ लागली, हे तपासले तर वर मांडलेल्या शब्दाभावाचा पुढचा इतिहास हाती येईल.

तूर्त बाजारात काय होते, एवढे नोंदवावे. न्यायालयातून वा तडजोडीतून परत आलेली भांडी बहुधा वापरली जात नाहीत. माहेरच्या माळ्यावर ती काही वर्षे राहतात आणि पुढे भांड्यांच्या दुकानात नव्याच्या बदल्यात दिली जातात. दुकानदार त्यांना 'मोड' म्हणतो. भाव वजनावर ठरतो, आणि काट्यावर ठेवण्यापूर्वी तो आत गाळ किंवा लाख आहे का हे पाहतो. काठावर कोणाचे नाव आहे, हे तो वाचीत नाही.